पाच फायली आणि एक पासबुक

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांत मी या सोसायटीत पुष्कळ बोललो आहे. टँकरवर बोललो, पार्किंगवर बोललो, आणि सिंकिंग फंडावर तर इतकं बोललो की काही मंडळी मला लांबून बघूनच लिफ्ट सोडून जिन्याने जायची. आज सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काका, यंदा हिशेब नको, आरोग्यावर बोला." मी डॉक्टर नाही. सदतीस-अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे. त्यामुळे जे सांगणार ते आमच्या घरात घडलेलं, आणि त्यानंतर जे वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, त्यातलं. माझ्या सांगण्यावरून कुणी औषध सुरू करू नये आणि बंद तर मुळीच करू नये, एवढी एक अट आधीच घालतो.

विषय आहे किडनीचा जुनाट आजार. आणि त्यातही एकच गोष्ट: या आजारात एकटा डॉक्टर, मग तो कितीही मोठा असो, पुरत नाही. चार-पाच माणसं लागतात, आणि ती एकमेकांशी बोलणारी लागतात.

माझं मूळ गाव वढू बुद्रुक, हे तुम्हाला ठाऊक आहे. फाल्गुन अमावास्येला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला आपल्यातले कितीतरी जण तिकडे येतात आणि आमच्या घरी चहा घेऊन जातात. त्या घरात माझे थोरले बंधू राहत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. मी शिकून बँकेत लागलो, अण्णांनी शेती सांभाळली. भीमेच्या काठची जमीन, ऊस आणि कांदा. अंगाने धिप्पाड. पन्नाशीत साखर निघाली, मग ब्लडप्रेशर आलं. त्याचं कुणाला काही विशेष वाटलं नाही. आमच्या पिढीत साखर आणि बीपी नसलेला माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत न जेवता उठलेला माणूस, असंच लोक बघतात.

साखरेसाठी एक डॉक्टर होते, शिक्रापूरला. बीपी आणि छातीसाठी पुण्यात दुसरे. डोळ्यांचे तिसरे. गुडघ्यांसाठी चौथे. आणि ताप, खोकला, सलाईन यासाठी कोरेगाव भीमाचे आमचे फॅमिली डॉक्टर. पाच डॉक्टर, पाच फायली. प्रत्येक जण आपापल्या कामात चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतो. कुणाची चूक काढायला मी उभा राहिलेलो नाही. पण या पाच फायली एका टेबलावर कधीच आल्या नाहीत.

आता किडनी काय करते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात. गच्चीवर दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे ना, जवळजवळ तेवढं. त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर, बाकी सगळं परत रक्तात. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात. म्हणजे राखीव साठा भरपूर. आणि घोटाळा तिथेच आहे. आपल्या सिंकिंग फंडासारखं समजा. फंड खाली जात असला तरी लिफ्ट चालते, दिवे लागतात, कुणाला काही कळत नाही. कळतं ते स्लॅब गळायला लागल्यावर. किडनीचं काम अर्ध्यावर आलं तरी माणूस शेतात जातो, जेवतो, झोपतो. पायाला सूज, मळमळ, दम लागणं ही लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक फंड खर्च झालेला असतो.

तो आधी कळायला दोन तपासण्या पुरतात. रक्तातलं क्रिएटिनिन, आणि त्यावरून वय-लिंग धरून काढलेला ईजीएफआर नावाचा आकडा. दुसरी, लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जातंय का ती. ईजीएफआर साठच्या खाली तीन महिने राहिला, किंवा प्रथिन जात राहिलं, तर त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. पंधराच्या खाली म्हणजे शेवटचा टप्पा. साखर किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी करायला हव्यात. लघवीची तपासणी तर लोक हमखास टाळतात. लॅबमध्ये बाटली हातात घेऊन उभं राहायला लाज वाटते म्हणे.

अण्णांकडे परत येतो. २०१७ साली दिवाळीच्या सुमारास त्यांची साखर एकदम आटोक्यात आली. आधी दोनशेच्या वर असायची, ती शंभर-सव्वाशेवर. कधी कधी तर इतकी खाली की घाम फुटायचा. आम्ही खूश. वहिनींनी तर देवापुढे साखर ठेवली! मला नंतर किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की शरीरातलं इन्सुलिन मोडीत काढायचं काम बऱ्याच अंशी किडनी करते. किडनी थकली की तेच इन्सुलिन, त्याच गोळ्या जास्त वेळ काम करत राहतात, आणि साखर उतरते. आम्ही ज्याचा आनंद करत होतो ती धोक्याची घंटा होती. साखरेच्या डॉक्टरांच्या फायलीत फक्त साखर चांगली दिसत होती. क्रिएटिनिन चार महिन्यांपूर्वी दुसऱ्याच फायलीत लागलेलं होतं.

आणि एक गोष्ट, जी सांगायला मला अजून जड जातं. अण्णांचे गुडघे दुखायचे. त्या दुखण्यावरची गोळी एकदा चिठ्ठीवर मिळाली होती, दहा दिवसांसाठी. तिने आराम पडला. मग दर महिन्याला गावी जाताना पुण्यातून तिच्या दोन-तीन पट्ट्या कोण नेऊन देत होतं? मी. चिठ्ठीशिवाय. दोन वर्षं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि आधीच थकलेल्या किडनीला त्या फार महागात पडतात. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासले मी. एका पार्टीच्या कर्जफेडीत पंधरा दिवसांचा फरक पडला की रात्री झोप यायची नाही. आणि सख्ख्या भावाच्या पिशवीत स्वतःच्या हाताने काय टाकतोय, ते पाहिलं नाही. क्रिएटिनिन चार पूर्णांक आठ निघालं त्या दिवशी अण्णा मलाच म्हणाले, "तू कशाला तोंड पाडतोस? मीच मागत होतो." त्यांच्या त्या बोलण्याने मला जास्तच लागलं.

पुण्यातल्या किडनीच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि म्हणाले, "घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आणा. चूर्णं, काढे, मलमंसुद्धा." आम्ही आणल्या. टेबलावर ओतल्या तर अकरा प्रकार. त्यात दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या आतून एकच औषध निघाल्या. एक बीपीच्या डॉक्टरांची, एक फॅमिली डॉक्टरांची. शिवाय पुतण्याने बीपीसाठी चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणून ठेवलं होतं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. चांगल्या किडनीच्या माणसाला ते चालेल, पण ज्याची किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही त्याच्या हृदयाला ते थेट धोक्याचं. त्यात आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन यायचा. शहाळ्यातही पोटॅशियम! सगळे मायेने करत होते, आणि सगळं एकाच ठिकाणी साचत होतं.

बँकेतल्या माणसाला हे लगेच ओळखू आलं. एकाच कारखान्याला पाच बँका कर्ज देतात आणि एकमेकींना विचारत नाहीत, तेव्हा प्रत्येक बँकेच्या पुस्तकात ते खातं उत्तम असतं. एकूण बोजा किती ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून तर कन्सॉर्शियम करतात आणि त्यात एक लीड बँक नेमतात. १९६९ नंतर प्रत्येक जिल्ह्याला एक लीड बँक नेमली गेली, आपल्या पुणे जिल्ह्याची बँक ऑफ महाराष्ट्र, ती याच विचाराने. जिल्ह्यात कोण किती काम करतंय त्याचा मेळ कुणीतरी एकाने घालायचा. अण्णांच्या शरीरावर पाच बँका काम करत होत्या आणि लीड बँक नव्हती.

त्या दिवसापासून लीड बँक मिळाली. पण या डॉक्टरांनी सगळं स्वतःकडे ओढून घेतलं नाही, हे मला विशेष वाटलं. त्यांनी कोरेगावच्या फॅमिली डॉक्टरांना आमच्यासमोर फोन केला. दर महिन्याचं बीपी, वजन, रक्ततपासणी तुमच्याकडे, म्हणाले, आणि आकडा अमुकच्या वर गेला तर मला कळवा. शिक्रापूरच्या डॉक्टरांना पत्र लिहून साखरेच्या गोळ्या बदलायला सांगितलं. दुखण्याची गोळी बंद, त्याऐवजी शेक आणि व्यायाम. डापाग्लिफ्लोझिन नावाची मूळची साखरेची गोळी किडनीची झीज मंदावते, हे २०२० मध्ये मोठ्या अभ्यासातून पुढे आलं. आता ती बऱ्याच रुग्णांना देतात आणि ती स्वस्तही झाली आहे. अण्णांना ती चालेल की नाही हे दोघा डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवलं. त्यांचा आजार तेव्हा फार पुढे गेलेला असल्याने नाही दिली. ज्यांचा आजार आत्ता सुरुवातीला आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

आहारतज्ज्ञ बाईंचं सांगायलाच हवं. मला वाटलं होतं, छापील तक्ता हातात देतील, सकाळी ओट्स, दुपारी सॅलड. त्या बाईंनी अण्णांशी दोन मिनिटं बोलून मोर्चा वहिनींकडे वळवला. सकाळी काय करता, भाकरी कशाची, भाजीत शेंगदाण्याचा कूट किती, लोणचं घरचं का, ठेचा रोज लागतो का. अर्धा तास! मग ठरलं: मीठ दिवसाला एक चमचा, तेही मोजून वाटीत काढून ठेवायचं आणि त्यातच सगळा स्वयंपाक. भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवायच्या, उकडायच्या, पाणी फेकायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. वहिनी म्हणाल्या, "मग भाजीत राहिलं काय?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "लसूण आणि लिंबू थोडं जास्त घाला." डाळ मात्र एकदम बंद करू दिली नाही. लोक ऐकीव माहितीवर प्रथिनं तोडतात आणि माणूस हाडाचा सापळा होतो, असं त्यांचं म्हणणं. मला आजही वाटतं, की पुढची चार वर्षं डायलिसिस लांबला, त्यात निम्मा वाटा त्या मिठाच्या वाटीचा होता. बरोबर निम्मा का, ते विचारू नका, तो माझा अंदाज आहे.

तरीही एकदा फसलो. २०१९ च्या पावसाळ्यात अण्णांना जुलाब-उलट्या झाल्या. रात्रीची वेळ, मी पुण्यात, पुतण्याने वाटेतल्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना काही माहीत नव्हतं आणि सांगायला हातात कागद नव्हता. त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि सलाईन लावली डाव्या हाताला. क्रिएटिनिन तीन दिवसांत वर उडालं, ते पूर्ण खाली आलंच नाही. शिवाय डावा हात आम्ही राखून ठेवायचा होता. का, ते पुढे सांगतो. आणि जुलाब-उलट्या चालू असताना बीपीच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या असतात, कोणत्या ते डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. वही माझ्या कपाटात होती.

त्यानंतर मी एक काम केलं, मला येतं तेवढंच. पासबुक काढलं. जाड कागदाची एक घडी, वर अण्णांचं नाव आणि रक्तगट. आत शेवटचे सहा ईजीएफआर तारखेसह, चालू गोळ्या, कोणाच्या चिठ्ठीवर आणि कशासाठी. लाल शाईत तीन ओळी: दुखण्याची गोळी-इंजेक्शन नको. डाव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको. जुलाब-उलट्या झाल्यास या अमुक गोळ्या थांबवून फोन करा. खाली तीन फोन नंबर. मराठीत आणि इंग्रजीत. एक प्रत अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात, एक वहिनींकडे, एक पुतण्याच्या मोटारसायकलच्या डिकीत. प्रत्येक डॉक्टरने काही बदल केला की त्याच पासबुकात नोंद करून सही करायची. पहिल्यांदा एक-दोघांनी भुवया उंचावल्या. नंतर तेच म्हणू लागले, "पासबुक आणलंय का?"

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा याची किंमत कळली. पुण्याला जाता येईना. पण कोरेगावच्या डॉक्टरांकडे नोंदी होत्या, आमच्याकडे नोंदी होत्या, आणि पुण्यातल्या दवाखान्यातल्या सिस्टरताई दर मंगळवारी फोनवर वजन-बीपी विचारायच्या. वजन दोन दिवसांत दोन किलो वाढलं की अंगात पाणी साचतंय, एवढं वहिनींना पाठ झालं होतं. धान्य तोलायचा काटा धुऊन पुसून त्यांनी अण्णांसाठी ठेवला होता.

आता डावा हात. डायलिसिसला रक्त जोरात यायला हवं, साध्या शिरेतून ते येत नाही. म्हणून हातातली एक रोहिणी आणि एक शीर छोट्या शस्त्रक्रियेने जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तो तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी तीनही लागतात. म्हणजे गरज पडायच्या कितीतरी आधी करून ठेवायला लागतो. आणि ज्या हाताने आपण लिहीत-जेवत नाही त्या हाताच्या शिरा आधीपासून सुयांपासून वाचवायच्या असतात. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण दम लागल्यावर अर्ध्या रात्री पहिल्यांदा येतात, मग मानेतून नळी घालून सुरुवात करावी लागते. तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका जास्त. अण्णांचा फिस्टुला २०२१ मध्ये झाला, कावीळ ब ची लस त्याच्याही आधी, आणि डायलिसिस सुरू झाला २०२२ च्या मे महिन्यात. नळी लागलीच नाही.

फिस्टुला नीट चालू असला की त्या जागी हात ठेवल्यावर बारीक थरथर लागते. अण्णांना ती फार आवडायची. विहिरीवरची मोटार म्हणायचे तिला. "मोटार चालू आहे बघ." सिस्टरताईंनी वहिनींना शिकवलं होतं, की रोज सकाळी हात ठेवून बघायचं आणि थरथर थांबली तर वेळ न घालवता फोन करायचा. श्रावणातली गोष्ट. वहिनींनी पहाटे हात ठेवला आणि मला फोन न करता आधी सिस्टरताईंना फोन केला, "मोटार बंद पडली." ताईंना क्षणात कळलं! दुपारपर्यंत अण्णा शस्त्रक्रियेच्या टेबलावर, गाठ काढली, मोटार परत चालू. आणखी दोन दिवस गेले असते तर तो हात वाया गेला असता, असं सर्जन म्हणाले. माझी वहिनी चौथी शिकलेली. त्या दिवशी त्या सगळ्या तज्ज्ञ मंडळींमध्ये पहिलं निदान तिने केलं.

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्यात वढूहून पुणे, आणि नगर रस्ता! वाघोलीचं तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही रोज तिथे बसलेले असता. सुरुवातीला दिवसच्या दिवस जायचा. मग दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी गावाच्या बाजूचं केंद्र शोधून दिलं आणि जनआरोग्य योजनेचे कागद करायला लावले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतो, आता ती आयुष्मान भारतशी जोडली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शिवाय २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत गरीब रुग्णांना तो मोफत मिळतो. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटायचं. आपल्यासारख्या पेन्शनवाल्यांना तिथे उभं राहायला कमीपणा वाटतो. मलाही वाटला. बाई म्हणाल्या, "साहेब, बँकेत तुम्ही लोकांना सबसिडी मिळवून देत होतात ना?" मी गप्प बसून फॉर्म भरला.

प्रत्यारोपणाचाही विषय निघाला होता. पुतण्या तयार होता, वहिनी तर लगेच उठून उभ्या राहिल्या. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष. याचा विचार आपण पुरुषांनी करायला हवा. १९९४ च्या कायद्याने देणाऱ्याची राजीखुशी तपासायची व्यवस्था केली आहे, आणि आमच्याकडे समन्वयक बाई वहिनींशी एकट्या बोलल्या, आम्हाला बाहेर बसवून. शेवटी अण्णांचं वय आणि हृदय बघून सगळ्यांनी मिळून नको ठरवलं. सगळ्यांनी, म्हणजे अण्णा धरून.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की असली टीम श्रीमंतांची किंवा शहराची चैन आहे. म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या वयाच्या लोकांना आठवेल. नोव्हेंबर १९७५, आणीबाणी. कैदेतून सुटलेले जयप्रकाश नारायण मुंबईला जसलोकमध्ये आले आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्याचं देशाला कळलं. मी तेव्हा बँकेत नवा कारकून. डायलिसिस हा शब्द आम्ही पहिल्यांदा त्यांच्यामुळे ऐकला. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. इंदिरा गांधींनी पाठवलेला नव्वद हजारांचा चेक त्यांनी परत केला. पुढे पाटण्याला घरीच यंत्र लावून ते १९७९ पर्यंत जगले, आणि त्याच काळात त्यांनी देशाचं सरकार बदललेलं पाहिलं. घरात यंत्र चालवायचं म्हणजे तंत्रज्ञ आणि सेवा करणारे लागतातच. एकट्या डॉक्टरच्या हातून ते झालं नसतं.

जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. एम. के. मणी होते. हेच मणी पुढे चेन्नईला गेले. देशातल्या सगळ्या रुग्णांना डायलिसिस आणि प्रत्यारोपण कधीच पुरणार नाही, म्हणून आजार आधीच अडवला पाहिजे, असं त्यांचं मत झालं. त्यांनी चेन्नईजवळच्या काही खेड्यांत तिथल्याच शिकलेल्या मुलींना तयार केलं. त्या घरोघरी जायच्या, बीपी मोजायच्या, लघवीत साखर आणि प्रथिन आहे का ते साध्या रसायनांनी तपासायच्या, आणि ज्यांच्यात दोष निघेल त्यांना डॉक्टरांकडून जुन्या, स्वस्त गोळ्या. बस्स. माणशी वर्षाचा खर्च मोजक्या रुपयांत. बहुतेकांचं बीपी-साखर त्यातच आटोक्यात राहिली. आपल्याकडेही आता आशाताई तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म भरून घेतात, बीपी-साखरेची विचारणा करतात. वढूत माझ्या डोळ्यांदेखत त्यांना दारातून वाटेला लावणारी घरं आहेत. त्यात एके काळी आमचंही होतं.

अण्णा फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, एकोणऐंशीव्या वर्षी, घरी, झोपेत. किडनीच्या रुग्णाला पुष्कळदा शेवटी हृदयच दगा देतं, तसं झालं. त्याआधी काही महिने डॉक्टरांनी त्यांना विचारून ठेवलं होतं, की फारच बिघडलं तर यंत्रांवर ठेवायचं का. अण्णा म्हणाले होते, नको. तेही पासबुकात लिहिलेलं होतं, अण्णांच्या सहीने. त्यामुळे त्या रात्री आम्हाला कुणाला भांडावं लागलं नाही, पळापळ करावी लागली नाही. ते पासबुक माझ्याकडे आहे. त्याची पानं संपली म्हणून दुसरं जोडलेलं होतं, त्यात अजून सात पानं कोरी आहेत.

आता माझं. मागच्या वर्षी मी माझीही तपासणी केली. ईजीएफआर बावन्न. तीन महिन्यांनी परत केली, बावन्नच. म्हणजे मीही यादीत आहे, तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला. सध्या मीठ मोजून, बीपी १३०/८० च्या आत ठेवायचा प्रयत्न, आणि गुडघ्याला शेक. सौभाग्यवतींनी वाटी वेगळी काढली आहे. हे सगळ्यांसमोर सांगायचं की नाही यावर आमचं काल रात्री अकरापर्यंत चाललं होतं. ती म्हणाली, "सांगा, म्हणजे लग्नात तुम्हाला कुणी पापड वाढणार नाही."

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो. त्या दिवशी क्लब हाऊसमध्ये बीपी आणि लघवीची तपासणी ठेवावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. अध्यक्षांनी मान हलवली आहे, ती मिनिट्समध्ये घ्यावी. दुसरं, पासबुकाचा नमुना मी छापून आणला आहे, शंभर प्रती, ऑफिसच्या खिडकीत ठेवल्या आहेत. पैसे द्यायचे नाहीत. आणि रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. ज्यांना ते भरायला मदत हवी असेल त्यांनी या. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा, चूर्णासकट. मी औषधातलं काही सांगणार नाही. कोणती गोळी कोणत्या डॉक्टरची आणि कधीपासून, एवढंच लिहून देईन, पुढचं तुमच्या डॉक्टरांना दाखवायचं. एक सांगून ठेवतो, माझं अक्षर चांगलं आहे, पण लिहायला वेळ लागतो. पार्किंगचा विषय त्या दोन तासांत काढू नये.